पोरं तेवढीच, बजेट दुप्पट

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या संस्थेची बैठक झाली. विषय एकच, नव्या वर्षाचे प्रवेश. दरवर्षी हा विषय निघाला की आम्ही शिक्षक खाली मान घालून बसतो, कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं: उद्यापासून दोघा-दोघांच्या जोड्या करा आणि वस्तीत फिरा. यंदा मात्र सदरसाहेब हसत म्हणाले, "यंदा उन्हात फिरायची गरज नाही. यंदा बजेट स्केल करायचं."

बजेट म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींचं बजेट. दोन वर्षांपूर्वी आम्ही दिवसाला ५०० रुपये देऊन २० दिवस जाहिरात चालवली होती. गेल्या वर्षी दिवसाला २,००० रुपये, ३० दिवस. यंदाचा प्रस्ताव दिवसाला ५,००० रुपये आणि ६० दिवस. म्हणजे १० हजारांवरून ६० हजार आणि ६० हजारांवरून थेट ३ लाख. बैठकीत कोणी काही बोललं नाही. एकाने तर टाळी वाजवली. मी विचारलं, "गेल्या वर्षीच्या ६० हजारांतून किती मुलं आली?" उत्तर मिळालं, "टीचर, २१२ लीड आले." मी पुन्हा विचारलं, "लीड नाही, मुलं किती आली?" तेव्हा सदरसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि चहा मागवला.

त्या चहाच्या कपात जे विरघळून गेलं ते इथे लिहिते आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. लालबाग, परळ, काळाचौकी, भायखळा, कुठल्याही लहान संस्थेच्या कचेरीत जा, हीच भाषा ऐकू येईल. शाळा असो, क्लास असो, नर्सरी असो. पैसे कमी पडले म्हणून प्रवेश कमी झाले, पैसे वाढवा म्हणजे प्रवेश वाढतील. हा हिशेब मला चुकीचा वाटतो. नुसता चुकीचा नाही, शाळेसाठी घातक वाटतो.

माझ्या वहीतला हिशेब

मी उर्दू आणि मराठी शिकवते. जाहिरातशास्त्र शिकलेले नाही. पण प्रवेश समितीत गेली काही वर्षं असल्यामुळे एक सवय लागली आहे. पालक प्रवेशाचा अर्ज भरायला बसले की मी विचारते, "आमच्या शाळेबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?" आणि उत्तर वहीच्या समासात लिहून ठेवते.

दिवसाला ५०० रुपयांच्या वर्षी नवे प्रवेश झाले ४१. दिवसाला २,००० रुपयांच्या वर्षी झाले ४४. या ४४ पालकांपैकी २७ जणांनी सांगितलं की मोठं भावंडं इथे शिकतं, चुलत-मावस भावंडं शिकतात किंवा शेजारणीने सांगितलं. ९ जणांकडे आमचे शिक्षक घरी गेले होते. ५ जणांचं घर शाळेला लागून, ते कुठेही जाहिरात न बघता आलेच असते. उरले ३. या तिघांनी मोबाईलवर जाहिरात पाहून फोन केला होता.

आता खर्च पाहा. ६० हजारांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०,८०० रुपये. दुकानदाराला हा कर पुढच्या करातून वळता करून घेता येतो. शाळेला नाही, कारण शालेय शिक्षणावर जीएसटीच लागत नाही, मग वळता कशातून करणार? म्हणजे शाळेच्या जाहिरातीचा प्रत्येक रुपया खरं तर १ रुपया १८ पैशांना पडतो. आधीच्या वर्षीचा खर्च करासकट ११,८०० होता. म्हणजे ५९ हजार रुपये जास्त घातले आणि ३ मुलं जास्त आली. तीही जाहिरातीमुळेच आली, हे मी वादासाठी मान्य करते आहे. एका मुलामागे साडेएकोणीस हजारांहून जास्त. आमच्या विनाअनुदानित वर्गाची वर्षाची फी याहून कमी आहे.

आणि यंदाचे ३ लाख करासकट होतात ३,५४,००० रुपये. आमच्या त्याच विनाअनुदानित वर्गांवर शिकवणाऱ्या मुलींना महिना १४ हजार मिळतात. सरकारने २०२३ मध्ये शिक्षण सेवकांचं मानधन वाढवलं, प्राथमिकला ६ हजारांवरून १६ हजार केलं. आमच्या मुलींना तेवढंही नाही. दोन शिक्षिकांचा वर्षभराचा पगार होतो ३,३६,०००. म्हणजे दोन शिक्षिका वर्षभर ठेवून, वर १८ हजारांची पुस्तकं येतील एवढी रक्कम आपण ६० दिवसांत मोबाईलच्या पडद्यावर उधळणार. तिथे "पैसे नाहीत" हे वाक्य कोणी उच्चारलं नाही. ते वाक्य फक्त पगाराच्या विषयाला राखून ठेवलेलं आहे.

लीड म्हणजे मूल नव्हे

जाहिरातीचं काम बघणारा मुलगा आमचाच जुना विद्यार्थी. हुशार, अदबीने बोलणारा. बैठकीनंतर मी त्याला थांबवलं. म्हटलं, "बेटा, मला नीट समजावून सांग. हे २१२ कोण होते?"

त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. पहिल्या वर्षी नकाशावर शाळेभोवती छोटा गोल काढला होता. त्या गोलातल्या आयांना जाहिरात दिसत होती. दुसऱ्या वर्षी बजेट चौपट केलं, पण गोलातल्या आया काही चौपट झाल्या नव्हत्या. तीच जाहिरात त्याच बायकांना सात-सात, आठ-आठ वेळा दिसू लागली. एका फॉर्ममागचा खर्च चढला. मग गोल मोठा केला. कुर्ला आला, गोवंडी आली, मानखुर्द आलं. फॉर्म स्वस्तात येऊ लागले. आकडा २१२ वर गेला.

"पण टीचर," तो खाली बघत म्हणाला, "गोवंडीहून पहिलीतलं पोर कोण पाठवणार?"

कोणी नाही पाठवणार. हार्बर लाईनने सकाळच्या गर्दीत सहा वर्षांच्या मुलाला घेऊन कॉटन ग्रीनला उतरणारी आई मी अजून पाहिलेली नाही. त्या बायांनी फॉर्म भरला, कारण मोबाईलवर नाव-नंबर आधीच भरलेला असतो, फक्त एक बटण दाबायचं असतं. काहींना तर आपण बटण दाबलं हेही आठवत नव्हतं. आम्ही शिक्षकांनी मे महिन्यात बसून २१२ फोन केले. म्हणजे उन्हातली पायपीट वाचली म्हणावं, तर तिच्या जागी ही फोनाफोनी आली.

इथेच सगळ्या "स्केल"ची मेख आहे. लालबागच्या गल्लीत मसाला कुटून विकणारी बाई जाहिरातीचं बजेट वाढवते तेव्हा त्याला काही अर्थ असतो. तिचं पाकीट नागपूरला जातं, दुबईलाही जातं. गोल मोठा केला तर गिऱ्हाईक खरोखर वाढतं. शाळेचं पार्सल होत नाही. शाळेचं गिऱ्हाईक म्हणजे चालत येणारं पोर. त्या पोराच्या पायांची जी मर्यादा तीच जाहिरातीची मर्यादा. काळाचौकी, घोडपदेव, अभ्युदयनगर, शिवडी या टापूत यंदा पहिलीत जाणारी मुलं जेवढी आहेत तेवढीच आहेत. तुम्ही ५०० घाला नाहीतर ५,०००, मार्क झुकेरबर्ग काही नवी पोरं जन्माला घालणार नाही.

यंत्र कसं चालतं तेही समजून घ्या. ही जाहिरात भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरसारखी नसते, प्रत्येक वेळी लिलाव होतो. एका आईच्या पडद्यावर एक जागा रिकामी झाली की त्या जागेसाठी साबण, साडी, कर्ज, क्लास आणि आमची शाळा असे सगळे बोली लावतात. बोलीची रक्कम, ही बाई बटण दाबण्याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा यांची बेरीज होऊन कोण जिंकलं ते ठरतं. यंत्र आधी त्या बायका शोधतं ज्या सहज बटण दाबतील. त्या स्वस्तात मिळतात. त्या संपल्या की पुढच्या महाग पडतात. म्हणून पहिल्या १० हजारांचं फळ आणि शेवटच्या १० हजारांचं फळ कधीच सारखं नसतं. हे धंदा करणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते एकदम दुप्पट न करता थोडं थोडं, विसेक टक्क्यांनी वाढवत नेतात आणि फळ घटलं की थांबतात. आम्ही मात्र सहापट करून आता पाचपट करायला निघालो आहोत.

त्या मुलाने आणखी एक शब्द सांगितला, 'लर्निंग फेज'. जाहिरातीच्या प्रत्येक संचाला आठवड्यात साधारण ५० फॉर्म मिळेपर्यंत यंत्र शिकत असतं, तोवर खर्च वरखाली होतो. बजेट एकदम वाढवलं की ते पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसतं. मी मनात म्हटलं, वा! यंत्राच्या शिकण्यासाठी आमच्याकडे पैसा आहे.

मोजणारा कोण आहे?

सदरसाहेब म्हणतील, "टीचर, तुमची वही म्हणजे अंदाज. डॅशबोर्डवर पक्के आकडे असतात." मी विचारते, ते आकडे कोण मोजतं?

जो जाहिरात विकतो तोच तिचं फळ मोजतो. साधारणपणे त्यांचा नियम असा असतो: जाहिरातीवर बोट लावल्यानंतर ७ दिवसांत किंवा ती नुसती दिसल्यानंतर १ दिवसात जर कोणी फॉर्म भरला, तर तो जाहिरातीच्या खात्यात. म्हणजे शेजारणीच्या सांगण्यावरून प्रवेश घ्यायचं एखाद्या आईने आधीच ठरवलं असेल, पण आदल्या रात्री मोबाईल चाळताना आमची जाहिरात तिच्या डोळ्यांसमोरून सरकली असेल, तर श्रेय जाहिरातीला. शेजारीण राहिली बाजूला. तिला डॅशबोर्ड नाही ना!

ही माझी शंका नाही. २०१६ मध्ये फेसबुकने स्वतः कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा आकडा ते दोन वर्षं फुगवून दाखवत होते, कारण तीन सेकंदांहून कमी पाहणारे त्यांनी हिशेबातच धरले नव्हते. अमेरिकेत जाहिरातदार कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये कंपनीने ४ कोटी डॉलर देऊन तो दावा मिटवला. ईबे या बड्या कंपनीचं उदाहरण तर शिक्षकांनी वर्गात सांगावं असं आहे. गूगलवरच्या जाहिरातींवर ते कोट्यवधी डॉलर घालत होते. त्यांच्या अर्थशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट केली. काही भागांत जाहिराती बंद केल्या, काही भागांत चालू ठेवल्या आणि विक्री तपासली. फरक जवळजवळ नव्हताच. जे गिऱ्हाईक जाहिरातीवरून आलं म्हणून मोजलं जात होतं, त्यातलं बरंचसं एरवीही आलं असतं.

कॉटन ग्रीनला राहणाऱ्यांना हा खेळ नवा वाटू नये. आमच्या स्टेशनचं नावच कापसाच्या बाजारावरून आलं. तो बाजार आधी फोर्टात, मग कुलाब्यात आणि शेवटी शिवडीकडच्या भरावावर आला, येताना नावही घेऊन आला. या कापसाच्या भावावरूनच मुंबईत आकडा लावण्याची सुरुवात झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव किती उघडणार आणि किती बंद होणार यावर इथे पैसे लागत. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं, तर लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. त्यातून १९६२ मध्ये वरळी मटका आला आणि गिरणगावातल्या कित्येकांच्या पगाराची वाट लागली. माझे अब्बा गोदामात कामाला होते. ते म्हणायचे, "आकडा लावणाऱ्याचं वाईट हरल्याने होत नाही. एकदा जिंकतो, तिथून त्याचं वाईट सुरू होतं." पहिल्या वर्षी १० हजारांत ४१ मुलं आली, तेव्हा आमच्या संस्थेला वाटलं, आकडा लागला. ती ४१ मुलं कोणी आणली हे कोणी विचारलंच नाही.

मटक्यात निदान एवढं होतं की हरलेल्याला आपण हरलो हे कळायचं. इथे हरलेल्यालाही संध्याकाळी हिरव्या रंगात वर चढणारी रेघ दाखवतात.

पैशानंतर वाढतो तो दावा

इथवरचं नुकसान पैशांचं आहे. खरी भीती पुढची आहे.

तीच जाहिरात आठव्यांदा बघणारी आई बोट पुढे सरकवते. मग जाहिरातवाला म्हणतो, नवी जाहिरात द्या, जास्त जोरदार द्या. गेल्या वर्षी आमच्या पहिल्या जाहिरातीत लिहिलं होतं, "प्रवेश सुरू." दुसऱ्या आठवड्यात झालं, "अनुभवी शिक्षक, डिजिटल वर्ग." डिजिटल वर्ग म्हणजे एक प्रोजेक्टर, तो पावसाळ्यात चालत नाही. तिसऱ्या आठवड्यात झालं, "परिसरातील क्रमांक एकची शाळा." क्रमांक कोणी दिला? चौथ्या आठवड्यात दहावीत पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो टाकला. तिच्या वडिलांना विचारलंच नव्हतं. ते शाळेत आले, आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले, "टीचर, मुलीला शिकायला पाठवली होती." मी फोटो काढायला लावला. पण त्या दिवशी मला खुर्चीवरून उठवेना.

पोरं मर्यादित आणि बजेट अमर्याद असलं की वाढायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दावा. याचं मोठं उदाहरण आपल्याच शहरात घडलं आहे. व्हाइटहॅट ज्युनिअर ही लहान मुलांना कोडिंग शिकवणारी मुंबईची कंपनी. २०१८ मध्ये सुरू झाली, २०२० च्या ऑगस्टमध्ये बायजूजने ती ३० कोटी डॉलरला विकत घेतली. लॉकडाऊनच्या त्या महिन्यांत आम्ही मोबाईलवरून स्वाध्याय पाठवत होतो आणि त्याच मोबाईलवर यांच्या जाहिराती कोसळत होत्या. त्यांत वुल्फ गुप्ता नावाचा एक मुलगा असायचा. तो कोडिंग शिकला आणि गूगलने त्याला कोट्यवधींची नोकरी दिली म्हणे. एका जाहिरातीत त्याचं वय ९, दुसरीत १३. पगाराचा आकडाही जाहिरातीगणिक बदलायचा. असा मुलगा अस्तित्वातच नव्हता, ते काल्पनिक पात्र होतं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जाहिरात क्षेत्रावर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेने कंपनीला पाच जाहिराती मागे घ्यायला लावल्या. पुढच्याच महिन्यात कंपनीने तिच्यावर जाहीर टीका करणाऱ्या दोघांवर बदनामीचे दावे ठोकले, एकावर २० कोटींचा आणि दुसऱ्यावर, जे मुंबईचे डॉक्टर आहेत, १४ कोटींचा. २०२१ मध्ये ते मागे घेतले.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई तेव्हा मला फोन करून विचारत होती, "टीचर, माझा मुलगा नऊ वर्षांचा झाला. त्याला उशीर झाला का?" ती घरकाम करायची. लॉकडाऊनमध्ये तेही बंद होतं. अस्तित्वात नसलेल्या एका मुलाने अस्तित्वात असलेल्या मुलाच्या आईची झोप उडवली होती. बजेट 'स्केल' होतं तेव्हा ते असं कोणाच्या तरी घरात शिरतं.

आणि शेवट काय झाला? २०२०-२१ या वर्षात बायजूजचं कामकाजातलं उत्पन्न सुमारे २,२८० कोटी होतं आणि जाहिरात-प्रसिद्धीवरचा खर्च सुमारे २,२५० कोटी. म्हणजे जेवढं आलं जवळजवळ तेवढं जाहिरातीत गेलं. त्या वर्षीचा तोटा ४,५०० कोटींच्या वर. २०२२ मध्ये या कंपनीची किंमत २२ अब्ज डॉलर धरली जात होती. त्याच वर्षी कतारच्या फुटबॉल विश्वचषकाच्या प्रायोजकांत तिचं नाव होतं, मेस्सी तिचा चेहरा झाला आणि त्याच सुमारास अडीच हजार कर्मचाऱ्यांना घरी पाठवायचं ठरलं. २०२४ च्या जुलैमध्ये क्रिकेट मंडळाच्या १५८ कोटींच्या थकबाकीवरून तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. ती एवढी मोठी, तिच्या मागे जगभरचे गुंतवणूकदार. आमच्या मागे कोण आहे? मे महिन्यात हप्त्याने फी भरणारे पालक.

"पण मग शाळा बंद पडू द्यायची का?"

हा प्रश्न मला विचारला जाईल आणि तो खोटा नाही. पट कमी झाला की संचमान्यतेत पदं जातात. शिक्षक अतिरिक्त ठरतो, कुठल्या तरी लांबच्या शाळेत समायोजन होतं, वर्ग एकत्र केले जातात. मीही त्या यादीच्या काठावर उभी राहिले आहे. आजूबाजूला इंग्रजी शाळांचे फलक चढत असताना उर्दू किंवा मराठी शाळा चालवणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगू नये. भीती खरी आहे. पण भीतीच्या पोटी केलेला खर्च शहाणपणाचा असतोच असं नाही.

जाहिरात अजिबात नको असं मी म्हणत नाही. 'जाहिरात' हा शब्द उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाचा लाडका शब्द आहे. मूळ अरबी 'जाहिर', म्हणजे जे उघड आहे, दिसतं आहे. जे आत आहे ते बाहेर दिसावं, एवढंच तिचं काम. प्रवेश कधी सुरू, कागद कोणते लागतात, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, मराठी कोणत्या इयत्तेपासून शिकवतात, हे घराबाहेर फारशा न पडणाऱ्या आईला मोबाईलवर कळलं तर उत्तमच. त्यासाठी छोटा गोल आणि दिवसाला ५०० रुपये, २० दिवस पुरतात. पहिल्या वर्षी पुरले होते. जे आत नाहीच ते बाहेर दाखवायला मात्र कितीही रक्कम पुरत नाही.

म्हणून मी संस्थेला लेखी चार गोष्टी कळवल्या आहेत. पहिली, यंदाही ५०० रुपयेच ठेवा आणि काळाचौकीत चालू ठेवून शिवडीत बंद ठेवा. जूनमध्ये दोन्हीकडचे प्रवेश गेल्या वर्षीच्या प्रवेशांशी ताडून बघू. फरक दिसला तर मी चूक कबूल करीन. दुसरी, डॅशबोर्डचा आकडा बैठकीत यायचा असेल तर त्याच्या शेजारी प्रवेश रजिस्टरचा आकडाही आला पाहिजे. लीड नाही, मूल. तिसरी, कोणत्याही मुलाचा फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय वापरायचा नाही आणि जे शिक्षकांना माहीत नाही ते जाहिरातीत लिहायचं नाही. चौथी, उरलेली रक्कम दोन शिक्षिकांसाठी आणि पुस्तकांसाठी.

ही चौथी गोष्ट दया म्हणून मागत नाही. माझी वही सांगते की ४४ पैकी २७ मुलं आमच्या जुन्या पालकांनी आणली. त्यांनी ती का आणली? कारण त्यांचं पोर वाचायला शिकलं, कारण ते आजारी पडलं तेव्हा टीचर घरी आली. आमच्या शाळेची जाहिरात रोज संध्याकाळी दप्तर पाठीला लावून जिने चढत घरी जाते. १४ हजारांवर राबणारी मुलगी डिसेंबरमध्ये नोकरी सोडते, वर्ग दोन महिने बिनशिक्षिकेचा राहतो, तेव्हा तीच जाहिरात उलट्या तोंडाने घरी जाते आणि शेजारणीला सांगते. तो आवाज दिवसाला ५,००० रुपये घालून दाबता येत नाही.

खर्च, जमा, बाकी, वसूल, नफा. मराठी माणूस हिशेबाला बसला की हे सगळे शब्द येतात आणि ते अरबी-फारसीतून आलेत हे मी पोरांना दरवर्षी सांगते. त्याच घरातला आणखी एक शब्द आहे, अमानत. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू. पालकांनी दिलेली फी संस्थेची कमाई नाही, ती अमानत आहे. ती देताना कोणीही असं म्हटलेलं नाही की माझ्या पोराच्या फीतून गोवंडीच्या बाईला आठव्यांदा तुमची जाहिरात दाखवा.

माझं पत्र दिलं त्याला दहा दिवस झाले. उत्तर आलेलं नाही. काल रिकाम्या तासाला मी आणि एक सहकारी घोडपदेवच्या दोन चाळींत जाऊन आलो. ऊन होतं. अकरा घरं झाली. एका घरी सरबत मिळालं, दोन घरी दार उघडलं नाही. तीन आयांनी शाळा बघायला येते म्हणून सांगितलं, त्यातली एक आज सकाळी मुलीला घेऊन येऊनही गेली. वहीच्या समासात लिहिलं आहे, "टीचर घरी आल्या होत्या."